नेरिमानबाईंची पंचमी

"मी थंडीपासून आजारी पडले," असं त्या म्हणत. थंडीनं नाही, थंडीपासून. त्यांचं छत पावसापासून गळायचं, लहान वर्गातल्या मुली भुकेपासून रडायच्या आणि मोठ्या बाई रागापासून लाल व्हायच्या. मधल्या सुट्टीत त्यांची नक्कल हा आमच्या शाळेतल्या मुलींचा आवडता खेळ होता. "बाई, मी पळण्यापासून दमले!" "मी भूगोलापासून नापास झाले!" एकदा हे त्यांच्या कानावर पडलं. त्या थांबल्या, मागं वळल्या आणि नक्कल करणाऱ्या मुलीला शांतपणे म्हणाल्या, "भूगोलापासून नाही. आळसापासून." सगळ्या हसल्या, ती पोरगीही हसली, आणि बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की आपण मुलीचं व्याकरण सुधारलं.

त्यांचं नाव नेरिमान. नव्या मोठ्या बाई रुजू झाल्या तेव्हा हे नाव ऐकून त्यांना पारशी समजल्या आणि मुंबईच्या कुठल्याशा ओळखीच्या पारशी घराची चौकशी करत बसल्या. नेरिमानबाई इस्तंबूलच्या. मुली त्यांना तुर्कीबाई म्हणत, शहागंजातले दुकानदार खानम म्हणत, मी हानम म्हणे. त्यांच्याकडं 'ख' घशात अडकत नाही, तो नुसता श्वासासारखा बाहेर पडतो, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. आणि त्या मला होजा म्हणत. होजा म्हणजे गुरुजी. मी त्यांच्याहून वीस वर्षांनी तरी लहान होते, नुकतीच नोकरीला लागलेली, साडीचा पदर सांभाळता न येणारी मराठीची बाई. तरी होजा.

त्या भरतकाम शिकवायच्या. उंच, हाडापेरानं मोठ्या, डोक्याला रुमाल मागं गाठ मारून बांधलेला. टाके घालताना ओठातल्या ओठात तुर्कीत काही पुटपुटायच्या. मुलगी रुमाल दाखवायला आली की सुलटी बाजू बघायच्याच नाहीत. रुमाल उलटा करायच्या, सगळ्या गाठी, सुटलेले दोरे बोटानं चाचपायच्या आणि परत द्यायच्या. दुधाचा चहा त्यांनी जन्मात प्यायला नाही. "दूध वासराचं," म्हणायच्या आणि छोट्या काचेच्या पेल्यातून काळा, कडू चहा घ्यायच्या. कुणाशी भांडण झालं की तीन-चार दिवस त्याच्याशी फार नम्रपणे बोलायच्या. ती नम्रता संपली की समजायचं, राग गेला.

औरंगाबादेत त्या आल्या लग्न करून. त्यांचे यजमान हमीदसाहेब इथलेच, निजाम सरकारच्या वजिफ्यावर परदेशी इंजिनियर व्हायला गेलेले. परत येताना इस्तंबूलला काही महिने थांबले, आणि आले ते नेरिमानबाईंना घेऊनच. साहेबांकडं पाण्याचं खातं होतं. शहरातली जमिनीखालची नहर, आसपासच्या गावांचे तलाव, बंधारे. घोड्यावरून आणि पुढं जीपमधून ते सारखे फिरतीवर असत. मूलबाळ झालं नाही. शहागंजच्या मागं एका गल्लीत त्यांचं घर होतं, अंगणात हौद, आणि भिंतीतून मातीच्या नळानं नहरीचं पाणी त्या हौदात येई.

पोलीस ॲक्शनच्या दिवसांत साहेब सकाळी फिरतीवर म्हणून गेले आणि परत आले नाहीत.

एवढंच. याच्यापुढं कुणालाच काही ठाऊक नव्हतं, किंवा ज्याला होतं तो बोलत नव्हता. जीप फुलंब्रीच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला सापडली, धड, चाकांत हवा असलेली. गल्लीत तीन गोष्टी चालायच्या. कुणी म्हणे साहेब कराचीला गेले, तिथं दुसरं लग्न केलं. कुणी म्हणे पुराच्या पाण्यात वाहून गेले. तिसरी गोष्ट मोठ्यानं कुणी सांगत नसे. ती सांगताना माणसं आधी दाराकडं बघत. त्या दिवसांत मराठवाड्यात कुठं कुठं काय काय झालं, कुणी कुणाचं काय केलं, हे दोन्ही बाजूंच्या माणसांना माहीत होतं आणि दोन्ही बाजूंची माणसं त्यावर घट्ट बसली होती. नेरिमानबाईंच्या भावानं इस्तंबूलहून पत्रं लिहून परत ये म्हणून किती विनवलं. त्या म्हणायच्या, "मी गेले, आणि ते आले, तर दार कोण उघडेल?"

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती सरकारी हुकमामुळं. शाळा उर्दूतून मराठीत आली होती. मराठी न येणाऱ्या शिक्षकांनी अमुक मुदतीत मराठीची परीक्षा द्यावी, तोंडी आणि लेखी, नाही तर नोकरी सोडावी. माझे वडील कोर्टात कारकून, त्यांची सगळी उमर उर्दू दफ्तरात गेलेली, त्यामुळं मला उर्दू येत होतं. मोठ्या बाईंनी मला बोलावलं. "तुर्कीबाईंना तेवढं शिकवा. बाई चांगल्या आहेत हो. पण हे पासून-पासून थांबवा."

म्हणून मी शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी जाऊ लागले.

पहिल्याच दिवशी मला त्यांच्या 'पासून'चं मूळ कळलं. वीस वर्षं त्या दखनी बोलत होत्या, आणि दखनीत सगळीकडं 'से'. घर से आया, चाकू से काटा, डर से कांपा. तुर्कीतही काहीसं तसंच. कारण सांगायचं तर नामाला 'दान' किंवा 'देन' लावायचं, आणि कुठून आलो हे सांगायचं तरी तेच. शाळेपासून ते 'दान', भीतीपासून ते 'दान'. म्हणून दखनीनं त्यांना कधी त्रास दिला नाही. मराठीत आल्या आणि फसल्या. इथं 'से' दुभंगत होता. एक वाट 'नं'कडं, एक 'हून'कडं, एक 'पासून'कडं. त्यांनी आपली 'पासून'ची वाट धरली.

मी पाटीवर विभक्तीचा तक्ता लिहिला. तृतीया, ने, शी. पंचमी, ऊन, हून. "हानम, कारण सांगायचं ते तृतीयेनं. भीतीनं थरथरली. भुकेनं मेला."

"चाकूनं कापलं, हे पण तृतीया?"

"हो."

त्यांनी पाटी जवळ ओढली. "होजा, चाकू माझ्या हातात असतो. मी चाकू चालवते. भीती कुणाच्या हातात असते? 'भीतीनं थरथरली' म्हणजे भीती घेतली आणि थरथरली? जशी सुई घेते, तशी?"

मी लहानपणापासून हे वाक्य बोलत होते, त्याच्या आत काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं.

"आमच्याकडं कोर्कुदान," त्या म्हणाल्या. "कोर्कु म्हणजे भीती. भीती एक जागा आहे. तिथून थरथर येते. माणूस तिथून चालत चालत इथपर्यंत येतो, कापत."

"आमच्याकडंही आहे तसं," मी हट्टाला पेटले. "भीतीपोटी म्हणतात. भीतीपोटी खोटं बोलला. रागापोटी मारलं."

"पोट? भीतीला पोट?" त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "म्हणजे खोटं भीतीच्या पोटी जन्मलं?" आणि मग पहिल्यांदा मी त्यांना मनापासून हसताना पाहिलं. त्या उठून आत गेल्या, पेल्यात चहा घेऊन आल्या, आणि चहा पिता पिता 'भीतीपोटी, रागापोटी, मायेपोटी' म्हणत बसल्या, जसं लहान मूल नवा शब्द तोंडात घोळवतं.

त्यानंतर आमचे धडे म्हणजे देवघेव झाली. मी त्यांना 'पायी' सांगितलं. तुझ्या पायी मी बदनाम झाले. त्या म्हणाल्या, आमच्याकडं पाय नाही, तोंड. वाईट झालं की म्हणतात 'युझुन्देन', त्याच्या तोंडापासून. आणि चांगलं झालं तर 'सायेसिंदे', त्याच्या सावलीत. "हमीदच्या सायेसिंदे मी हे शहर बघितलं," त्या म्हणाल्या, आणि मग किंचित थांबून, "कुणाच्या तरी युझुन्देन ते घरी आले नाहीत. पण कुणाच्या? नाव लावायला पाहिजे ना होजा. नुसता प्रत्यय कसा राहील? हवेत?"

त्यांच्याकडं 'का' विचारायलाही दोन शब्द. नेदेन, म्हणजे कशापासून. नीये, म्हणजे कशाला. मी म्हटलं, अगदी आमच्यासारखं. आम्हीही 'कशाला' म्हणतो. त्यांना ते फार आवडलं. मग त्या रडण्याचं सांगू लागल्या. अगदी व्याकरणाच्या बाईसारखं, बोट वर करून. आतलं कारण असेल तर 'दान': आनंदापासून रडले, थकव्यापासून रडले. पण समोर काही असेल, बातमी, मरण, कबर, तर त्याच्याकडं तोंड करून रडायचं, तिथं चतुर्थीसारखा 'ए' लागतो. मरणाला रडले.

"मग तुम्ही सांगा होजा," त्या म्हणाल्या, "मी कशाला रडू?"

आपल्या मराठीत या वाक्याचा अर्थ भलताच होतो. मी काय म्हणून रडू, असा. मी दुरुस्त करायला पाटी ओढली आणि परत सारली.

तेवढ्यात भिंतीत आवाज झाला. दिवेलागण होत होती. नहरीचं पाणी यायची ती वेळ. मातीच्या नळातली हवा आधी बाहेर पडते, तेव्हा एखादा माणूस दारात येऊन घसा खाकरतो तसा आवाज होतो. दोनदा, तीनदा, आणि मग हौदात धार लागते. मी दचकले. नेरिमानबाई उठल्या, दाराकडं गेल्या, रुमाल सारखा केला आणि हलक्या आवाजात तुर्कीत दोन शब्द बोलल्या. आलेल्या माणसाला बोलतात तसे. मग परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "हं. चतुर्थी."

त्यानंतर रोज तो आवाज व्हायचा, रोज त्या उठायच्या. नळाची ती लाइन साहेबांनी स्वतः उभं राहून दुरुस्त करून घेतली होती, हे मला गल्लीतून कळलं. गल्लीतल्या बायका त्या वेळी आपापली मुलं आत घ्यायच्या. तुर्कीबाईच्या घरात कुणीतरी येतं, असं त्या म्हणायच्या. मी शिकलेली, भुताखेतांवर विश्वास नसणारी. पण खरं सांगते, त्या खाकरण्याच्या वेळी मीही दाराकडं पाठ करून बसत नसे.

एकदा मी धीर करून म्हटलं, "हानम, तुम्हाला भीती नाही वाटत? एकट्या राहता."

"मेलेला माणूस भूत होतो, असं लोक म्हणतात," त्या म्हणाल्या. "माणूस मेला की नाही हेच माहीत नसेल, तर जी घरात बसते ती भूत होते. लोक मला भितात होजा, नळाला नाही."

परीक्षा झाली. लेखी त्यांनी निभावली. तोंडीला मी दाराबाहेर बाकावर बसले होते. आत एक म्हातारे गृहस्थ परीक्षक होते, सज्जन, उगाच घाबरवू नये म्हणून घरगुती प्रश्न विचारणारे. भाजी कुठली आवडते, शाळेत काय शिकवता. मग त्यांनी विचारलं, "यजमान काय करतात?"

"नाहीत," बाई म्हणाल्या.

"अरेरे. कशानं गेले?"

आपण सगळे असंच विचारतो. ताप आला होता का, हृदय बंद पडलं का, या अर्थी. कशानं गेले. मग त्यांचा आवाज आला, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा: "कशानं गेले, ते मला अजून कुणी सांगितलं नाही."

व्याकरण बिनचूक होतं. बाई पास झाल्या. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी 'पासून' फारसं आलं नाही, आणि मुलींचा खेळ बंद पडला. मला त्याचं वाईटच वाटलं.

गोष्ट उलगडली ती पुढच्या दिवाळीनंतर. सुमन नावाची आठवीतली मुलगी, मामाकडं राहून शिकणारी, सुट्टीला फुलंब्रीपलीकडच्या आपल्या गावी गेली. आईला भरलेला रुमाल दाखवला. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, नेरिमानबाईंनी. आईच्या हातून रुमाल पडला.

शाळा सुरू झाल्यावर सुमनचे आई-वडील दोघं आले. एकनाथराव गावातले चांगले बागाईतदार, डोक्याला फेटा, पण आमच्या शिक्षकांच्या खोलीत खुर्चीवर बसायला तयार होईनात. सुमनची आई, सरूबाई, खाली बसल्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. मोठ्या बाईंनी मला आणि नेरिमानबाईंना बोलावलं आणि स्वतः बाहेर गेल्या.

सरूबाईंनी नेरिमानबाईंच्या डोक्याचा रुमाल निरखला. मग म्हणाल्या, "तुमीच का नेरिमान?"

"हो."

"आमाला वाटलं, ते औषधाचं नाव हाय."

कुणालाच काही समजलं नाही. सरूबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता. मग त्याच बोलल्या.

"तवाच्या धामधुमीत तुमचे साहेब आमच्या मळ्यात आले. दिवस मावळायला. अंगात ताप, पाय लटपटत्यात. जीप सोडून चालत आल्ते. ह्यांनी वळखलं. आमच्या बंधाऱ्याचं काम त्यांनीच केल्तं. म्हनले, दोन दिस ठिवून घ्या, रस्ता नीट झाला की जातो. रस्त्यानं मानसं फिरत व्हती, काठ्या-कुऱ्हाडी घिऊन. आमी त्यांना कडब्याच्या गंजीमागं ठिवलं. ताप लई चढला. तापात एकच शबूद. नेरिमान, नेरिमान. ह्यांनी चोरून जाऊन वैदाला इचारलं बी, नेरिमान नावाचं काय मिळतं का, पेशंट मागतोय. वैद म्हनला, असलं औषध नाय."

नेरिमानबाई उभ्या होत्या.

"कशापासून गेले?" किती महिन्यांनी तो जुना शब्द बाहेर आला.

सरूबाईंना त्यात चूक दिसलीच नाही. "तापानं गेले, बाई. उतरलाच नाय ताप. पितरपाट चालू व्हता. पहाटं गेले. माज्या मांडीवर डोस्कं व्हतं."

"डॉक्टर?"

आता एकनाथराव बोलले. "नाय आनला. भ्यावापोटी नाय आनला. डाक्टर आनला असता तर गावाला कळलं असतं."

"कुणाची भीती?"

"कुनाची म्हनून सांगू? तवा समदेच समद्यांला भेत होते. त्यांला आमचं भ्याव. आमाला आमच्याच लोकांचं." त्यांनी फेटा काढून मांडीवर घेतला. "डाक्टर आला असता तर वाचले असते का, देवाला ठावं. मी रोज इचार करतो."

"आणि नंतर? इतकी वर्षं?"

"नंतर वाटलं, लोक म्हनतील यानंच मारला, आन् आता तापाचं सोंग सांगतोय. उद्या सांगू, उद्या सांगू म्हनलो. मग उद्या म्हनायची बी लाज वाटाया लागली."

मला वाटलं, आता त्या ओरडतील. किंवा कोसळतील. त्यांनी खुर्ची ओढली, सरूबाईंच्या अगदी समोर बसल्या आणि विचारलं, "खाल्लं काही?"

"पयल्या दिवशी ज्वारीची पेज. ताक घालून. ग्वाड लागली म्हनले. मंग नाय."

"पाणी?"

"पानी लई पेले. माठ संपला."

"थंड होतं?"

"व्हय. विहिरीचं."

नेरिमानबाईंनी मान हलवली. एवढं त्यांना हवं होतं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी फुलंब्रीच्या गाडीनं गेलो. एकनाथराव बैलगाडी घेऊन उभे होते. मळ्याच्या बांधावर लिंबाखाली साहेबांना पुरलं तिथं एक सपाट दगड, आजूबाजूचं तण काढलेलं, दगड धुतलेला. कालच धुतला असावा असं मला वाटलं, मग लक्षात आलं, नेहमीच धूत असणार. कडांवर शेवाळ नव्हतं. सरूबाई संकोचून म्हणाल्या, "दर पितरपाटात म्या इथं एक पान ठिवते. भात, कढी, वडा. तुमच्या धरमात चालतं का नाय, म्या काय जानू. पर माज्या घरात गेलेला मानूस उपाशी कसा ठिऊ?"

नेरिमानबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. मग दगडापाशी बसल्या, तळवे वर करून ओठ हलवत राहिल्या. ते झाल्यावर हात खाली केले, दगडाकडं तोंड केलं, आणि रडल्या. मोठ्यानं, वाऱ्यात दूर जाईल असं. मधेच तुर्कीत एक वाक्य म्हणाल्या, मग पुन्हा तेच, पुन्हा तेच. मला त्यातलं एकच कळलं. नामाच्या शेवटी 'ए' होता.

यानंतर सगळं ठीक झालं असं मला सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. मी आठवड्यानं त्यांच्या घरी गेले. आता धड्याचं निमित्त उरलं नव्हतं, नुसतीच गेले. दिवेलागणीला नळ खाकरला. मी सवयीनं त्यांच्याकडं पाहिलं. त्या जागच्या हलल्या नाहीत. सुईत दोरा ओवत होत्या, तो ओवला जाईना. धार लागली, हौद भरू लागला.

"आता ते येत नाहीत होजा," त्या म्हणाल्या. "पाणी येतं."

"हानम, पण कळलं हे बरं नाही का झालं? इतकी वर्षं..."

"बरं झालं. कारण मिळालं. कारणाच्या बदल्यात ते गेले." त्यांनी सुई खाली ठेवली. "आधी रोज संध्याकाळी थोडे तरी यायचे."

मला त्या घरात आधी कधी वाटली नव्हती तशी भीती त्या दिवशी वाटली. आधी तिथं कुणीतरी आहे असं वाटायचं. आता कुणी नव्हतं, आणि ते नसणं खोल्या-खोल्यांतून फिरत होतं. मी चहा न घेता निघाले.

काही महिन्यांनी त्यांनी घर सोडलं. भावाकडं जातील असं सगळ्यांना वाटलं. नाही गेल्या. शाळेजवळ एक खोली घेतली आणि निवृत्त होईपर्यंत भरतकाम शिकवत राहिल्या. माझं लग्न झालं, मी कन्नडच्या शाळेत गेले. वर्षानुवर्षं मुलींना तृतीया शिकवली. 'भीतीनं थरथरली' हे वाक्य फळ्यावर लिहिलं की हात जरा थांबायचा. मुलींना वाटायचं, बाई उदाहरण विसरल्या.

त्यांना शेवटचं पाहिलं ते भाद्रपदात, पितृपक्षात, कडक ऊन पडलं होतं. मी माहेरहून कन्नडला परत चालले होते. वळशानं जाणारी एसटी फुलंब्रीला थांबली. मी खिडकीशी होते. रस्त्याच्या पलीकडं, जीपगाड्यांच्या गर्दीत, दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या. एक नऊवारीतली, डोळ्यांना हिरवी पट्टी बांधलेली, मोतीबिंदू काढून आणलेली असावी. दुसरी उंच, वाकलेली. तिनं पट्टीवालीचा हात घट्ट काखेत धरला होता आणि दुसरा हात वर करून एका ट्रकला थांबवत होती.

ट्रक थांबला. ड्रायव्हर बाहेर डोकावून काही ओरडला. नेरिमानबाईंनी त्याच्याकडं लक्षही दिलं नाही. "सरू, खड्डा," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "आता पाय उचल. आता ठेव." सरूबाईंनी पाय उचलला, ठेवला.

मी खिडकीतून हाक मारली. इंजिन सुरू झालं होतं, ऐकू गेलं नाही. गाडी वळली तेव्हा त्या दोघी रस्त्याच्या मधोमध होत्या, आणि मागचं सगळं वाहतं बाजारगाव त्यांच्यासाठी थांबून राहिलं होतं.